मेर्ल कुठल्या महिन्यापर्यंत आली?

“मेर्लनं कॅरव्हॅन घेतली,” फोन ठेवत ग्लेनिस म्हणाली. “आणि त्या कॅरव्हॅनवाल्यांच्या फोरमवर नावही घातलंय. सुरुवातीपासून सगळं वाचून काढणार म्हणे. ओळीनं.”

लॉर्न हॅस्केटच्या हातातला टोस्ट चहाच्या कपात पडला.

“ओळीनं म्हणजे?”

“तारखेप्रमाणे. तीस वर्षं शाळा चालवलीय तिनं. मधलं पान सोडायची नाही ती. कालपासून बसलीय, २०१२चा जून झाला.”

२०१४ साली याच फोरमवर टोपणनावानं लॉर्ननं आपल्या या मेहुणीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. तो, ग्लेनिस आणि मेर्ल गाडीमागे कॅरव्हॅन ओढत स्ट्रान गावी गेले होते. बाहेर पाऊस, म्हणून जेवणं झाल्यावर तिघंही आडवे झाले. तासाभरात शेजारच्या कॅरव्हॅनवाल्यानं दार बडवलं. ‘जनरेटर बंद करा हो, बाळ झोपलंय आमचं!’ जनरेटर यांच्याकडे नव्हताच. मेर्ल घोरत होती. लॉर्ननं ते तिखटमीठ लावून लिहिलं, लोक हसले आणि तो विसरून गेला.

आता मात्र त्याला बसवेना. फोरमच्या शोधखिडकीत त्यानं हे टाकलं, ते टाकलं. काही हाती लागेना. टोपणनावही आठवेना. रात्रभर कूस बदलून सकाळी तो बर्नी गावच्या लायब्ररीच्या दारात, ती उघडायच्या आधीच हजर.

“फोरमच्या आत शोधू नका, बाहेरून, नेहमीच्या सर्च इंजिनवरून शोधा,” तिथली ग्रंथपाल नोलीन म्हणाली. “आधी ‘साइट’, तिला चिकटून विसर्गासारखी दोन टिंबं, मग फोरमचा पत्ता. म्हणजे दुसरीकडचं काही येणार नाही. नेमके शब्द आठवत असतील तर ते अवतरणचिन्हांत घाला. आणि नको असेल ते वजा करा.”

“वजा करता येतं?”

“शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह. चिकटवून बरं का.”

लॉर्ननं ‘मेहुणी’ लिहिलं. नऊशे पोस्टी आल्या. निम्म्या ऑस्ट्रेलियाला मेहुणीबद्दल काही ना काही सांगायचं होतं. ‘जनरेटर’ लिहिलं तर चार हजार. मग त्यानं दोन्ही शब्द घेतले, पेट्रोल वजा केलं, डिझेल वजा केलं, ‘विकणे आहे’ हेही वजा केलं. बाकी उरली ती एकटी मेर्ल.

“सापडली!” तो ओरडला.

“हळू! काय सापडलं?”

“मेहुणी!”

पेपर वाचत बसलेले दोन म्हातारे मान वर करून बघायला लागले.

पोस्ट सापडली, पण पुसायची कशी? पासवर्ड आठवत नव्हता, आणि जुना ईमेल पत्ता कधीच बंद झाला होता. तेवढ्यात ग्लेनिसचा फोन आला.

“अरे, मेर्ल विचारत होती, फोरमवर तुझं टोपणनाव काय? २०१३च्या ऑक्टोबरपर्यंत आलीय ती.”

लॉर्ननं घाईघाईनं नवं खातं उघडलं आणि फोरम चालवणाऱ्याला लिहिलं, ‘ही पोस्ट ताबडतोब काढा. माझी मेहुणी पहिल्यापासून ओळीनं वाचत येतेय. ऑक्टोबर २०१३ झाला!’

बटण दाबल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हे खासगी निरोपाच्या चौकटीत नाही, त्याच पोस्टीखाली उत्तर म्हणून गेलंय. आणि त्या फोरमची रीत अशी, की कुणी उत्तर दिलं की जुनी पोस्ट थेट पहिल्या पानावर सगळ्यात वर!

संध्याकाळपर्यंत साठ उत्तरं आली. ‘मेहुणी कुठल्या महिन्यापर्यंत आली?’ ‘पळ मित्रा, पळ!’ पर्थच्या एकानं आपल्या अंगणात लपायला जागा देऊ केली. लॉर्न दर पाच मिनिटांनी उठून बघायचा आणि प्रत्येक वेळी आकडा वाढलेला असायचा. त्या रात्रीही डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि मेर्लचा फोन आला. ग्लेनिसनं तो स्पीकरवर टाकला.

“लॉर्न, ओळीनं वाचणारी मेहुणी या देशात एकच आहे,” मेर्ल म्हणाली.

“मेर्ल, चुकलं माझं,” लॉर्न उभा राहूनच बोलला. “तू घोरतेस हे मी चारचौघांत लिहायला नको होतं.”

“मी? अरे, मी आणि ग्लेनिस उशा कानावर दाबून टक्क जाग्या होतो! दार वाजलं, तू उठलास आणि आवाज थांबला. कोण घोरत होतं मग?”

लॉर्ननं बायकोकडे पाहिलं. ती टेबलावरचे पावाचे कण गोळा करत होती.

“तू कधी बोलली नाहीस?”

“तूच दार लावून आलास आणि माझ्या कानात म्हणालास, ‘मेर्लला डॉक्टरकडे न्यायला हवं गं.’ इतक्या काळजीनं म्हणालास, की मला सांगवेचना.”

“पोस्ट पुसायची नाही,” मेर्लनं बजावलं. “दुरुस्ती करायची. आत्ता, माझ्यादेखत.”

लॉर्ननं निमूटपणे उत्तर लिहिलं, ‘दुरुस्ती : घोरणारा मीच.’ मग लोक काय म्हणतात ते न बघताच तो आरामखुर्चीत टेकला. इकडे बहिणी-बहिणींच्या गप्पा सुरू झाल्या.

पाच मिनिटं झाली असतील. मेर्ल बोलता बोलता थांबली.

“ग्लेनिस, खिडकी लाव गं. कुणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू केलंय, काही ऐकू येत नाहीये.”

“खिडकी लावलेलीच आहे,” ग्लेनिस म्हणाली. “थांब, मीच फोन घेऊन अंगणात जाते.”