बेचाळीस कोट आणि एक पेनड्राइव्ह

बुधवारी ऑफिसातला कम्प्युटर बंद पडला, आणि दुरुस्तीवाल्याने खिशातून एक पेनड्राइव्ह काढून तासाभरात तो पुन्हा उभा केला. सगळ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. आमच्या हेडक्लार्कांच्या मनाने तेव्हाच घेतलं, की घरच्या कम्प्युटरसाठी असा रिकव्हरी ड्राइव्ह आपणही करून ठेवायचा. शनिवारी, नाश्ता झाल्याबरोबर. (सुट्टीच्या दिवशी हा गृहस्थ मुकाट लोळत पडला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण नाही!)

ऑफिसात त्यांना 'परिपत्रक' म्हणत, कारण ते भांडायचेसुद्धा मुद्दा क्रमांक एकपासून. त्यांच्या पत्नीला मात्र अख्खा परिसर टेलरबाई म्हणून ओळखायचा, आणि तोही आदराने. त्या आठवड्यात टेलरबाईंकडे गायनवर्गाच्या बेचाळीस कोटांचं काम होतं. कार्यक्रम पुढच्या शनिवारी. कापड येऊन पडलं होतं, आज दुपारी बेतायला घ्यायचं होतं. बेचाळीस जणांची मापं कम्प्युटरमध्ये होती, आणि त्यांची एक प्रत मशीनशेजारच्या खिळ्याला टांगलेल्या पेनड्राइव्हमध्ये.

घरात दुसरा पेनड्राइव्ह नव्हता.

"अगं, हा घेऊ का तासभर?" परिपत्रकांनी विचारलं.

"घ्या. पण माझ्या मापांना धक्का लावाल तर याद राखा. गायनवर्ग उघडा उभा राहील स्टेजवर." एवढं बजावून टेलरबाई बटणं आणायला बाजारात गेल्या.

पेनड्राइव्ह लावताच पडद्यावर इशारा आला, की यातलं सगळं पुसलं जाईल. परिपत्रक गालात हसले. ते काय असे तसे गडी होते? मुद्दा एक, पेनड्राइव्हमधली मापं त्यांनी कम्प्युटरमध्ये उतरवून घेतली. तिथे ती आधीपासून होतीच. म्हणजे आता कम्प्युटरमध्ये दोन प्रती झाल्या आणि बाहेर एकही नाही, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. मुद्दा दोन, ड्राइव्ह तयार झाला. मुद्दा तीन, तपासणी.

तपासणीचं खूळ कशाला? पण न तपासता सही करायची त्यांच्या रक्तातच नव्हती. त्यांनी त्या ड्राइव्हवरून कम्प्युटर सुरू केला. निळ्या पडद्यावर प्रश्न आला, फक्त फायली काढायच्या की पूर्ण साफ करायचं? अर्धवट कामाचा त्यांना मनस्वी तिटकारा. त्यांनी 'पूर्ण साफ' निवडलं, आणि निवांत पेपर वाचत बसले.

पेपर संपला तेव्हा कम्प्युटर लख्ख उजळला होता. त्याने अदबीने विचारलं, 'नमस्कार, आपलं नाव काय?' सहा वर्षं ज्याची धूळ पुसली त्याने नाव विचारावं! परिपत्रकांनी हातातला पेपर टाकला. त्यांनी फायली शोधल्या, कचरापेटी शोधली, पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला, हलवूनसुद्धा पाहिला. मापांचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात टेलरबाई आल्या. "झालं का तुमचं?"

"उत्तम झालं. कम्प्युटर अगदी नवाकोरा झालाय."

"आणि माझी मापं?"

"तीही... कोरीच झाली म्हणायची."

बटणांची पिशवी टेबलावर आली. टेलरबाई त्यातली बटणं मोजायला लागल्या. परिपत्रकांना वाटलं, यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं. त्यांना खरोखर रडू यायला लागलं. ही बाई गेली वीस वर्षं मान मोडून मशीन चालवते, आणि आपण एका सकाळीत तिचं नाव घालवलं.

"वही घ्या," बाई म्हणाल्या. त्यांनी कापड जमिनीवर पसरलं आणि हातात खडू घेतला. "लिहा. पहिली रांग, डावीकडून. चष्मेवाली. छाती चौतीस, बाही बावीस, उजवा खांदा अर्धा इंच उतरलेला. तिच्या शेजारची लायब्ररीवाली, छाती छत्तीस..."

"थांब, थांब. अंदाजाने सांगतेस ना?"

"समोरचा दाताचा डॉक्टर आहे ना गायनवर्गात? पोट एकोणचाळीस. पण टेप लावली की श्वास रोखतो, म्हणून चाळीस धरा. जा, बघून या."

परिपत्रक टेप घेऊन खरंच समोर गेले. डॉक्टरांच्या पोटाला टेप गुंडाळली. बरोबर एकोणचाळीस!

"आता श्वास सोडा," परिपत्रक म्हणाले.

"सोडलेलाच आहे," डॉक्टर कसेबसे म्हणाले.

"सोडा हो, घरचेच आहोत आपण!"

डॉक्टरांनी श्वास सोडला आणि टेप चाळीसवर जाऊन थांबली. परिपत्रक धावतच घरी आले आणि वही उघडून बसले.

दोन तास बाई बोलत होत्या आणि कापत होत्या. एकदाही अडखळल्या नाहीत. कुणाचा डावा हात लांब, कोण वाकून उभा राहतो, कुणाला गळ्याशी घट्ट सोसत नाही, सगळं तोंडपाठ. परिपत्रकांची बोटं दुखून आली, पण मनातून ते थक्क झाले होते. अशा बाईचा आपण नवरा आहोत, याचा त्यांना चक्क अभिमान वाटला. (त्यात आपलं कर्तृत्व काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.)

बेचाळिसावं माप लिहून झालं तसा त्यांनी पेन खाली ठेवलं. "धन्य आहेस बाई तू! माणसाचं डोकं हे, की कम्प्युटर? एवढं सगळं पाठ करायची सवय लागली तरी कधी?"

टेलरबाईंनी कात्री थांबवली नाही.

"तुम्ही कम्प्युटर आणून माझ्या मापांच्या वह्या रद्दीत घातल्यात ना, आणि म्हणालात, 'आता काळजी सोड, सगळं माझ्या हातात सुरक्षित आहे'? त्याच दिवसापासून."