आजीला न समजलेली फिल्म

"आपण बघितलं, हसलो, झालं. आता हे जगाला पाठवत बसू नकोस," असं यमुनाबाईंनी सुनेला वेळीच सांगितलं होतं. पण सून एम.कॉम. होती. डहाणूजवळच्या नरपडला, चिकूवाडीत जन्म काढलेल्या सासूबाईंना कलाक्षेत्रातलं काय कळणार, म्हणून नूतनने व्हिडिओ पाठवूनही टाकला.

व्हिडिओत सात वर्षांच्या कीर्तीची गणिताची वही होती. वहीच्या कोपऱ्यात पानोपानी एकेक कोंबडी. अंगठ्याखालून पानं भराभर सोडली की कोंबडी चालू लागे, थांबे, अंडं घाली आणि 'हे कोणी केलं?' अशा चेहऱ्याने मागे वळून बघे. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर एका आईने लिहिलं, 'गिफ्टेड.' दुसरीने विचारलं, 'मग अ‍ॅनिमेशनचं कॉलेज कोणतं ठरवलंत?'

नूतनने ठरवलं नव्हतं. मुलगी दुसरीत गेली तरी कॉलेजचा पत्ता नाही, या विचाराने तिने मार्गदर्शनाची शोधाशोध सुरू केली.

तलासरीला हायवेलगत, टायरच्या दुकानावर, एक कला-प्रवेश मार्गदर्शन केंद्र होतं. तिथले सुदर्शन सर ऐन मे महिन्यात टाय लावून बसत.

"उशीर केलात," सर म्हणाले.

"दुसरीत आहे हो ती."

"तेच म्हणतोय. लोक बालवाडीत येतात. असो. अ‍ॅनिमेशनला गर्दी फार आहे. प्रायोगिक चित्रपटाला जागा आहेत, पण एक अट आहे. फिल्म कोणाला समजता कामा नये."

"कोणाला म्हणजे?"

"घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या व्यक्तीपासून सुरुवात करा. आणि डहाणूच्या आहात, तेव्हा वारली चित्रं येत असतीलच."

"आम्ही वारली नाही, सर."

"ते कॉलेजला कळवू नका. डहाणूत दुसरं कोणी राहतं, हे त्यांना माहीत नाही."

अशा रीतीने घरात आकलन-चाचणी सुरू झाली. दर रविवारी यमुनाबाईंना खुर्चीत बसवून वही दाखवण्यात येई. पहिल्या चाचणीचा शेरा होता: आकलन पूर्ण, हास्य दोनदा, अनुत्तीर्ण. सरांनी उपाय सुचवला, कोंबडी काढा, नुसतं अंडं ठेवा. यमुनाबाईंनी पानं सोडली आणि म्हणाल्या, "कोंबडी बाजाराला गेली वाटतं." पुन्हा हसल्या. मग अंडंही गेलं, फक्त एक रेघ उरली. ती वर चढे आणि खाली उतरे.

"ही आपल्या नरपडची भरती-ओहोटी," यमुनाबाई म्हणाल्या.

"आई, जरा न समजण्याचा प्रयत्न तरी करा. पोरीच्या भवितव्याचा प्रश्न आहे."

"अगं, पोर काढते ते कळतं. त्याला मी काय करू?"

कीर्तीचे वडील प्रितम रेल्वेच्या तिकीट खिडकीवर होते. त्यांना एकही फिल्म समजली नव्हती, पण त्या वेळी ते क्रिकेट बघत असल्यामुळे त्यांचं न समजणं ग्राह्य धरता येत नव्हतं.

शेवटी सरांनी कीर्तीला उत्स्फूर्ततेच्या वर्गात घातलं. दर शनिवारी चार ते सहा, गणवेश सक्तीचा.

दिवाळीनंतर कीर्तीने नवी वही आणून दिली. यमुनाबाईंनी ती सुलटी धरून पाहिली, उलटी धरून पाहिली. हसल्या नाहीत.

"मला नाही समजलं गं हे," त्या म्हणाल्या.

नूतनने पेढे आणले. वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरी होती.

पानं उलटून सर खुर्चीतून उभे राहिले. वही तीन कॉलेजांना गेली. एका कॉलेजने अकरा वर्षांनंतरची जागा तात्पुरती राखून ठेवली. दुसऱ्याने 'कोवळ्या वयातली परिपक्वता' असा अभिप्राय दिला. तिसरं कॉलेज कडक. त्यांनी वहीचं कव्हर काढायला सांगितलं, कारण त्यावर मुलीचं नाव असल्याने थोडा अर्थ लागत होता.

आनंदात असली तरी नूतनची नजर बारीक होती. कंपासपेटीतली पेन्सिल महिनाभर तेवढीच लांब आहे, हे तिच्या लक्षात आलं.

"कीर्ती, यातून तुला काय सांगायचंय?"

"मला काढायचंच नाहीये, आई."

नूतनने कंपासपेटी मिटली. पण अर्जात 'कलावंताचं मनोगत' हा रकाना रिकामा होता. तिने ते वाक्य तिथे लिहिलं. जागा राखून ठेवणाऱ्या कॉलेजने ते माहितीपत्रकात छापलं.

नाताळच्या सुट्टीत एका दुपारी मागच्या अंगणातून यमुनाबाईंच्या हसण्याचा आवाज आला. नूतन दाराशी गेली. तापलेल्या ओट्यावर कीर्ती पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून चित्र काढत होती. एक माणूस, गळ्यात टाय. ऊन लागलं तसा तो पायांकडून वाळू लागला.

"आजी, सर निघाले बघ."

"पाय गेले. पोटही गेलं गं," यमुनाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "टाय मात्र सोडवत नाही मेल्याला."

नूतनही हसली. तिला सगळं समजलं होतं. आणि अगदी त्याच क्षणी तिचा हात आपोआप मोबाइलकडे गेला. परदेशातलंसुद्धा कॉलेज मिळेल, असं काहीतरी तिच्या मनात आलं. कॅमेरा उघडेपर्यंत ओटा कोरडा झाला होता.

कीर्तीने मोबाइलकडे पाहिलं, पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाली, "संपलं."

तर मंडळी, तुमच्या घरातलं पोर बराच वेळ आतल्या खोलीत गप्प आहे. जरा जाऊन बघून येता का, काय करतंय ते? मोबाइल इथेच राहू द्या. त्याच्याकडे आम्ही लक्ष देतो.