तोंड न दाखवणारं मशीन

आमच्या शेजारच्या अंबादासअण्णांकडे कॉम्प्युटर आहे, पण माऊस नाही. कुणी आणून दिलाच, तर ते तो वायरीला धरून उचलतात आणि देणाऱ्याच्या हातात परत ठेवतात. त्यांच्या पडद्यावर चित्रं नाहीत, रंग नाहीत. काळ्यावर पांढरी अक्षरं, बस्स.

"चित्रं ल्हान पोरांना, बाई. मानसाला अक्षर पुरं!"

मी शाळेत इंग्रजी शिकवत होते म्हणून मी 'बाई'. आणि अण्णांनी चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात जेकार्ड सांभाळलं. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, त्या मागावर चढवायच्या; मग भोकांच्या हुकमाने चादरीवर मोर उमटतात. म्हणून कॉम्प्युटर त्यांना परका वाटत नाही. "आमच्या जेकार्डचा नातू हाय त्यो. जरा शेफारलेला."

कुणाच्याही घरी गेले की ते आधी चादर उलटी करून बघतात. तुमचे आजोबा एकदा तापाने फणफणले होते. अण्णा भेटायला आले, आजोबांच्या अंगावरची चादर उचलली आणि म्हणाले, "तिसऱ्या मोराची चोच चुकलीय की." मग विचारलं, "ताप किती?"

ईशान, तू फोनवर तीनदा विचारलंस, "आजी, अण्णांचं मशीन नीट झालं का?" त्याचं उत्तर दोन शब्दांत देता येण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. धाकट्या ताराला वाचून दाखव.

आपल्याकडे पाणी रोज येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पूर्वी पाणी आलं की अण्णांची बायको नागमणी जिन्यात उभी राहून हाक द्यायची, "नीळ्ळू वच्चाई!" अख्ख्या बिल्डिंगला तेलुगूतले तेवढेच दोन शब्द येतात. तीन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर दोनदा पाणी येऊन गेलं आणि कुणाला कळलंच नाही. तेव्हा अण्णांनी जुन्या बाजारातून हा कॉम्प्युटर आणला, टाकीत एक तरंगता गोळा सोडला, वायर घरापर्यंत ओढली आणि जिन्यात घंटा बसवली. आता पाणी आलं की घंटा वाजते.

गेल्या महिन्यात अण्णांनी मशीनवर काहीतरी नवं चढवलं आणि पडदा काळाठिक्कर पडला. गंमत म्हणजे घंटा मात्र वेळेवर वाजत होती.

"मशीन चालू हाय की," अण्णा म्हणाले, "पन तोंड दाखवत न्हाय."

वरच्या मजल्यावरच्या शिंदेवहिनी म्हणाल्या, "अण्णा, पाणी कळतंय न्हवं? मग तोंड बघून काय करायचंय?" त्यांनी स्वतःचा जुना लॅपटॉपही देऊ केला. अण्णांनी तो उघडलासुद्धा नाही. चार दिवस त्यांनी दाढी केली नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन काळ्या पडद्यासमोर बसायचे, आणि चहावर साय धरायची. घंटा वाजते आहे, काम होतं आहे, तरी हा माणूस एवढा का खचला, ते मला कळेना. शेवटी पडद्याचं काय करायचं ते मी तुला फोनवर विचारलं, ईशान.

तू सांगितलेलं मी वहीत नीट उतरवून घेतलं. मशीन जागं होताना बाकीच्यांना उठवणारा जो पहिला छोटा प्रोग्राम, तो बूट लोडर. तो पडद्याला चित्रांच्या पद्धतीत टाकून मोकळा होतो. अण्णांच्या मशीनमध्ये चित्रांचं काही बसवलेलंच नाही, म्हणून पडदा काळा. त्याच्या सेटिंगमध्ये 'फक्त अक्षरं' असं सांगितलं की झालं.

हे ऐकून अण्णांना चार दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. "म्हंजे चित्रांनीच घात केला! मी म्हनत हुतोच!"

मग आम्ही बसलो. पडदा काळा, त्यामुळे सगळं आंधळेपणाने. मी एकेक अक्षर सांगायचं, अण्णांनी दोन बोटांनी दाबायचं. पासवर्डच्या वेळी म्हणाले, "बाई, तिकडं बघा." मी पाठ फिरवली. पानावरचं सगळं झालं, मशीन बंद करून सुरू केलं. काळं. पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. पुन्हा काळं.

"बाई, तुमचा नातू शिकलाय कुटं?"

"तुमची बोटं शिकली कुठे, ते आधी सांगा."

किती वाजता अपयश आलं ते टिपून ठेवावं म्हणून मी पान उलटलं, तर मागे माझ्याच अक्षरात सहावी पायरी! सेटिंग बदललं की बूट लोडरला ते नव्याने घ्यायचा हुकूम द्यावा लागतो, नाहीतर तो जुन्याच सेटिंगवर चालतो. पानाच्या तळाशी 'मागे पाहा' लिहावं, हे मी तीस वर्षं वर्गात सांगत आले आणि स्वतःच लिहिलं नव्हतं.

मी निमूटपणे पायरी वाचून दाखवली. अण्णांनी कपाळावर हात मारला.

"पट्टी नवी पाडली, पन मागावर चढवलीच न्हाय! ह्याच्यावरनं कारखान्यात किती जनांना शिव्या घातल्या मी!"

हुकूम दिला. मशीन पुन्हा सुरू केलं. पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या, मग पडदा स्वच्छ झाला आणि वरच्या कोपऱ्यात एकच ओळ उरली. इंग्रजी अक्षरांत: नागमणी लॉगिन. पुढे उघडझाप करणारी एक छोटी रेघ.

मी ओळ वाचली. अण्णा की-बोर्डकडे बघत म्हणाले, "मशीनला नाव द्यावंच लागतंय, बाई. विचारतंय त्ये. काय तर द्यायचं म्हनून दिलं."

"छान दिलंत," मी म्हटलं.

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलच्या टोकाने पडदा पुसला. तो स्वच्छच होता. मग आत गेले, गरम चहा करून आणला, माझा कप माझ्यापुढे ठेवला आणि आपला घेऊन पडद्यासमोर बसले. रेघ उघडझाप करत होती.

"अण्णा, आता पुढचं टाईप करा की."

"करतो की," अण्णा चहा फुंकत म्हणाले. "घाई काय हाय? थांबलीय की ती."