लार्कहिलचं माहेरपण

कॅनडातल्या आमच्या नगरपालिकेत चार टाउनशिप, म्हणजे चार जुने गाव-इलाखे, एकत्र नांदतात, आणि त्यांतली धाकटी, लार्कहिल, सोमवारी सकाळी कचेरीत येऊन म्हणाली, "मला माहेरी जायचंय."

मी चौकशीच्या खिडकीवर कामाला होते. तिला बाकावर बसवून पाणी दिलं. ती आपले रस्ते बरोबर घेऊन आल्यामुळे शाळेची बस खोळंबली होती, म्हणून मी नगराध्यक्षांना लगेच बोलावलं. डूगल मॅकफी माणूस मऊ, पण नियमाला धरून चालणारा.

"जरूर जा," ते म्हणाले. "माहेर कुठलं तुमचं?"

"इथलंच. टेकडीपासून तळ्यापर्यंत."

"म्हणजे सासर-माहेर एकाच जागी?"

"एकत्र झालो तेव्हा मी कुठे हलले? नुसतं नाव गेलं. पाट्यांवरून पुसलं. म्हाताऱ्या टलीबाई तेवढ्या मला लार्कहिल म्हणायच्या, त्याही थंडीत गेल्या. आता कुणी हाक मारली नाही, तर मीच विसरेन हो."

तेवढ्यात थोरली जाऊ, ब्रॉकडेल, आली. "ही गेली तर माझी नदी मधेच तुटेल," ती फणकारली. मग धाकटीचं तोंड बघून म्हणाली, "जाऊ दे तिला. पाणी धरते मी चार दिवस."

नगराध्यक्षांनी बराच विचार केला. माहेर इथेच असल्यामुळे जाण्याची गरज नाही, मात्र माहेरपण झालंच पाहिजे, असा त्यांनी निर्णय दिला. रविवारपर्यंत जो तो तिला नावाने हाक मारू लागला. बसचा ड्रायव्हरसुद्धा खिडकीतून ओरडायचा, "येतो गं, लार्कहिल!" तिच्या तळ्यावरचा बर्फ कडेकडेने सुटला.

रविवारी मी तिची ओटी भरली. नारळ मिळाला नाही, भोपळ्यावर भागवलं. तिने पदरासारखं एक शेत पुढे केलं.

"तुझं गं आधीचं नाव काय?" तिने विचारलं.

आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहितात. तेव्हापासून मी मृणाल. आई गेल्यावर जुनं नाव घेणारं कुणी राहिलं नव्हतं. मला ते पटकन आठवेना, आणि मी घाबरले.

"शेवंता," मी शेवटी म्हणाले, आणि तिथेच रडू लागले.

तिने मला रडू दिलं.

"शेवंते," मग ती म्हणाली, "डोकं झाक बाई. वारं सुटलंय."

मी डोकं झाकलं.