कडुबाच्या मनगटावरची मेंदी

त्या दुपारी नजमुन्निसाच्या घरात मेंदी वाळत नव्हती आणि नळ ओला होत नव्हता. नळाची कोणाला काळजीही नव्हती. आठ दिवसांपासून तो कोरडा ठणठणीत होता आणि उद्या सकाळी सहाला येणार, असं खुद्द कडुबानं सांगितलं होतं. गल्लीच्या तोंडाशी असलेला पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी किल्ली कडुबाच्याच हातात असायची. तेव्हा त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्या रेघेवर सगळा बेत आखला होता. आज मेंदी, उद्या सकाळी हौद भरायचा, संध्याकाळी लेकीचं, आफरीनचं लग्न. चाळीस पाहुणे मुक्कामाला. घरातल्या झाडून साऱ्या बायकांनी कोपरापर्यंत मेंदी लावली होती. आफरीनच्या तर पायांनाही होती, म्हणून तिला अंगणात खुर्चीवर बसवलं होतं. मेंदी जितकी गडद रंगते तितकी सासू जीव लावते, हे नजमुन्निसानं तिला सकाळपासून दहादा ऐकवलं होतं.

तीन वाजता नळ खोकला. मग शिंकला. मग धो धो सुटला.

"अम्मी! पानी!" आफरीन किंचाळली.

"या अल्ला! आज?" नजमुन्निसा मेंदीचे हात वर धरून उठली. आजचं पाणी हुकलं तर पुन्हा आठवडा शिमगा, आणि लग्नसराईत टँकरवाला फोनही उचलत नव्हता. घरातले सारे पुरुष शेरवानी आणायला गुलमंडीच्या बाजारात गेले होते. तिची भाची तबस्सुम हिनं नाकानं फोन लावला.

"आज कसं आलं? कडुबा तर उद्या म्हणला व्हता," नवरा फारूख पलीकडून म्हणाला.

"ते पाण्यालाच विचारा! पहिलं घरी या."

"औरंगपुऱ्यात अडकलोय. रिक्षा हलंना झालीय. तुमी घ्या की सांभाळून."

"तुमची कोरडी माया तिथंच ठेवा!" नजमुन्निसा म्हणाली आणि तबस्सुमनं नाकानंच फोन बंद केला.

मग लढाई सुरू झाली. नजमुन्निसानं रबरी नळीचं एक टोक दातात धरून हौदात सोडलं, दुसरं टोक कोपरांनी दाबून नळावर बसवलं. पाण्याच्या जोरानं नळी हौदातून उडाली, तशी तबस्सुम तिच्यावर बसली. नळाच्या तोंडाशी फटीतून गळणारं पाणी फरशीवरून थेट नवरीच्या पायांकडे निघालं.

"पाय वर घे!"

"कुठं घेऊ, अम्मी? आभाळात?"

घेईपर्यंत पाणी पोचलंच, आणि पायाची नक्षी मोरीकडे वाहत गेली. अर्धा हौद भरला नाही तोच धार करंगळीएवढी झाली. कडुबा व्हॉल्व्ह बंद करत होता.

नजमुन्निसा तशीच अनवाणी गल्लीच्या तोंडापर्यंत धावली आणि तिनं ओल्या मेंदीच्या दोन्ही हातांनी कडुबाची दोन्ही मनगटं धरली.

"खोल."

"खाला, टाइम झाला. वरून आर्डर हाय."

"वरून पाऊस यीना, पाणी यीना, तुझी आर्डर तेवढी बरोबर येती! उद्या म्हणला व्हतास ना तू?"

"मला बी ऐन टायमाला सांगत्यात. पलीकडच्या गल्लीला सोडायचंय. त्ये लोक बोंबलतील."

"त्यांना बी उद्या जेवायला बोलावलंय. त्यांनी काय बिर्याणी खाऊन हात कोरडेच न्यायचे का? हौद भरल्याबिगर मी हात सोडत नाय."

"अवं, पर तुमची मेंदी..."

"गेली तर गेली! लग्न माझ्या लेकीचं हाय, माझं नाय."

मनगटं तिच्या मुठीत असतानाच कडुबानं किल्ली फिरवून व्हॉल्व्ह उघडला. एप्रिलच्या उन्हात दोघं पाऊण तास तसेच उभे राहिले. "खाला, हौद भरला!" असं तबस्सुम ओरडली तेव्हा कुठे त्याची सुटका झाली. तोवर मेंदी खडखडीत वाळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कडुबाची बायको, दगडाबाई, त्याला ओढत दारात हजर झाली. नवरीचे पाय फिक्कट पडले होते, पण कडुबाच्या दोन्ही मनगटांवर चार बोटं आणि एक अंगठा काताच्या रंगासारखे उठले होते.

"ह्यो हात कुणाचा हाय, तेवढं सांगा."

नजमुन्निसानं आपला पंजा त्या ठशावर ठेवला. बरोब्बर बसला. सारी हकीकत ऐकून दगडाबाई नवऱ्याकडे वळली.

"सोडलं व्हय पाणी, हात धरल्यावर? पाऊण तास?" तिनं पाठीमागून दोन रिकामे हंडे पुढे केले. "साऱ्या वस्तीला पाणी पाजतो आन् घरी कोरडा पाषाण. नऊ दिवस झाले, आमच्या नळाला थेंब नाय. विचारलं की म्हणतो, आर्डर नाय."

नजमुन्निसानं हंडे भरायला आत पाठवले आणि दगडाबाईला पाटावर बसवलं.

"तबस्सुम, मेंदीचा कोन उरलाय का गं?"

"हौ खाला, दोन हायेत."

"आन. आन् दगडाबाई, तुमच्या गल्लीचा पाण्याचा दिवस कधी?"

"आजच. दुपारी."

दगडाबाईनं दोन्ही तळहात पुढे पसरले. कडुबानं आपले दोन्ही हात गपकन पाठीमागे लपवले.