बदललेली बाटली

आमचे शेजारी दिगांबरभाऊ औषधाची बाटली घेतली की मेडिकलच्या पायरीवर येऊन आधी ती उन्हात धरतात. खोटी वाटणारी नोट धरावी तशी. मग झाकण उघडून वास घेतात, एक थेंब मनगटावर सोडतात आणि तो वाळेपर्यंत दुकानदाराकडे टक लावून पाहतात. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. बिनतिकिटाचा प्रवासी चेहऱ्यावरून ओळखायचे. रिटायर झाल्यावर ती नजर औषधाकडे वळली.

औषध कसलं, तर केसगळतीवर डोक्याला लावायचं. आणि भाऊंच्या डोक्यावर कानामागची झालर सोडली तर एक केस नाही! समोरचा न्हावी हटकायचा, "भाऊ, खडकात काय पेरून राह्यले?"

"पेरनारा पाहून घेईन. तू तुही कैची चालव."

आमच्या वाशीमकडच्या मालेगावात एका कंपनीची बाटली मिळायची, ती त्यांना पटली होती. एक दिवस मेडिकलवाल्यानं दुसरीच पुढे केली.

"बाटली काहून बदलली?"

"जुन्या कंपनीचा माल येनं बंद झालं, भाऊ. औषधाचं नाव वाचा न. तेच हाये, ताकदही तेवढीच."

"नाव तेच? मालेगाव तिकडं नाशिककडंबी हाये. त्या गाडीत बसलेला मानूस इथं उतरते का?"

"मले मधातच उतरवू नको," असं बजावून भाऊ तिथून निघाले. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. दूधवाला बदलला तरी हेच, टीव्हीवरची बातमी सांगणारी बाई बदलली तरी हेच.

जुन्या कंपनीच्या शोधात त्यांनी मला मोटरसायकल काढायला लावली. वाशीमची दुकानं पालथी घातली. कुठंच नाही. एका दुकानदारानं हसत हसत समजावलं, "आजोबा, कंपनी कोनतीही घ्या, आतलं औषध एकच."

भाऊ बाहेर येऊन माझ्या कानात म्हणाले, "मास्तर, सारे मिळालेले हायेत. एवढं गोड बोलून कोनी खरं सांगते का?"

शेवटी कुरकुरत त्यांनी नवी बाटली घेतली. परतीच्या वाटेवर खिशावर हात दाबून बसले होते, जणू पाकीटमार आतच बसलाय.

पुढच्या आठवड्यात भाऊ भेटले ते टोमॅटोसारखं लाल डोकं घेऊन. टाळूभर पुरळ. डॉक्टरांनी ते औषध बंद करायला सांगितलेलं. मी घाबरलो, तर हे खूश!

"पाह्यलं? म्हनलं होतं का नाई? बरं झालं, पह्यले मीच लावून पाह्यलं."

"पहिले म्हणजे? नंतर कोण लावणार होतं?"

भाऊंचा चेहरा पडला. त्यांनी मागंपुढं पाहिलं. "कोनाले बोलजो नको," एवढंच म्हणाले आणि चालू लागले.

दोन दिवसांनी पुरळावरचं मलम द्यायला मी त्यांच्या मागच्या अंगणाकडून गेलो. वहिनी पाटावर बसल्या होत्या. मोठ्या आजारातून उठल्यापासून त्या डोक्यावरचा पदर ढळू देत नसत, लग्नकार्यालाही जात नसत. आज पदर खांद्यावर होता. केस इतके विरळ झाले होते की टाळू दिसत होती. भाऊ मागं उकिडवे बसून कंगव्याच्या टोकानं भांग पाडत होते आणि जुन्या कंपनीच्या बाटलीत तळाशी शिल्लक राहिलेलं औषध थेंबाथेंबानं सोडत होते.

"राहू द्या न आता," वहिनी म्हणाल्या. "या वयात माह्या केसाइकडं कोन पाहून राह्यलं?"

"मान हालवू नको," भाऊ म्हणाले. "मी पाहून राह्यलो न."

मी मलम ओट्यावर ठेवलं आणि आवाज न करता फाटक ओढून घेतलं.