बास्तीलची दुरुस्ती

बडगुजर बाई भर बाजारात माणसाचा हात धरून थांबवतात आणि म्हणतात, "बास्तीलचा किल्ला नाहीये रे. मी चुकीचं शिकवलं. वहीत दुरुस्त कर." समोरचा माणूस चाळिशी ओलांडलेला असतो, हातात मेथीची जुडी असते आणि ती वही केव्हाच रद्दीत गेलेली असते. तरी तो मुकाट्याने "हो बाई" म्हणतो.

बाईंनी चोपड्याच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. मीही त्यांची विद्यार्थिनी. फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा आला की डस्टर आपटून तोफा उडवायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "आजही तो किल्ला तिथं उभा आहे. पॅरिसला गेलात तर बघून या." वर्गातल्या अर्ध्यांनी जळगावसुद्धा पाहिलेलं नव्हतं. पण बाईंचा चेहरा असा व्हायचा की वाटावं, पॅरिसची गाडी स्टँडवर लागलीच आहे.

निवृत्तीनंतर त्या खरोखर गेल्या, एका सहल कंपनीबरोबर. बाकीचे चॉकलेटं घ्यायला पळायचे, बाई दगडांवरची अक्षरं वाचत मागे राहायच्या. वॉटर्लूच्या टेकडीवरून त्यांनी नेपोलियनला सुनावलं, "लढाई सुरू करायला चिखल वाळायची वाट बघत बसलास? यावलला ये जरा. गुडघाभर चिखलातून माणसं केळीचे घड वाहतात!"

पॅरिसमध्ये एक दुपार मोकळी मिळाली, तशा त्या बास्तील शोधायला निघाल्या. मोठा चौक, मधे खांब, भोवती गाड्या. तीन चकरा मारल्या. शेवटी जमिनीत बसवलेल्या दगडांच्या ओळी दिसल्या. किल्ला लोकांनी तेव्हाच पाडून टाकला होता. भिंती कुठे होत्या, त्याची ही खूण.

"पुस्तकात होतं, लोकांनी किल्ला घेतला. घेतला म्हणजे असणारच, असं मी धरून चालले," बाई सांगतात. "आपला लळिंगचा किल्ला बघ. कितीजण आले-गेले, पडका का होईना, आहे ना जागेवर?"

आमच्याकडे पाण्याची नवी टाकी वर्षात गळायला लागते आणि एक माईचा लाल पुढे येऊन "माझं चुकलं" म्हणत नाही. त्याचा जाब विचारणारी पत्रकं वाटून माझे हात दुखले. आणि या बाईंना कुणी जाब विचारलेला नाही, तरी त्या गावोगाव फिरून चूक कबूल करतात. यावलला त्यांनी सुटलेली एसटी थांबवली, कारण कंडक्टर जुना विद्यार्थी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि गाडीत ओरडला, "बठ्ठ्यांनी ऐकलं ना? किल्ला नही शे! चला, मागे सरका!"

मी पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत. "मला हिरा सापडत नाहीये," म्हणाल्या.

हिरा पाड्यावरून चालत शाळेत यायची. तिने एकदा विचारलं होतं, "बाई, लोकांना इतका राग होता, तर किल्ला ठेवला कशाला?" बाईंनी "फार शहाणी झालीस" म्हणून तिला तासभर उभं केलं. त्याच वर्षी तिची शाळा सुटली.

"माझ्यामुळे नसेलही. पण बरोबर तीच होती गं. अख्ख्या वर्गात फक्त ती."

एक मुलगी अशी शाळेतून गळाली, याची मला चीड आली. बाईंचीसुद्धा आली, खोटं कशाला सांगू? पण शाळांना शिक्षक द्या म्हणून पत्रकं घेऊन मी पाड्यापाड्यांवर फिरतच असते. विचारत गेले आणि हिरा सापडली. बाईंना स्कूटीवर मागे बसवून सातपुड्याच्या पायथ्याला नेलं.

हिरा अंगणात तूर पाखडत होती. बाईंनी चपला काढल्या आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, अडखळत. दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली.

"माले तर काहीच आठवत नही, बाई," हिरा म्हणाली. मग सूप हलवत, "तुमना संगे कोन व्हतं तठे?"

"कोणी नाही."

"मंग घरी येऊन हे बठ्ठं कोनले सांगितलं?"

बाई चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या.

हिराने सूप खाली ठेवलं, खाट ओढली. "बसा. विमानपासून सांगा."

बाई बसल्या. चोपड्याला माझी सभा होती, ती मी बुडवली. ऊन कललं तेव्हा आम्ही जेमतेम रोमला पोचलो होतो.